घराची किंमत कागदावर वाढली, घरपट्टी कुठून भरायची?

प्रति,
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, खानदेशातील महानगरपालिका
मा. मुख्याधिकारी, खानदेशातील नगरपरिषदा व नगरपंचायती
आणि नगररचना विभागातील मूल्यनिर्धारण अधिकारी

विषय : राहत्या घरांची फेरआकारणी आणि घरपट्टीतील एकदम होणारी वाढ

महोदय,

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या शहरांत स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकांच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत. घरपट्टी बुडवणाऱ्यांचं हे पत्र नाही. एप्रिलमध्ये सूट मिळते म्हणून रांगेत उभं राहून आगाऊ भरणारे, जुन्या पावत्या पिशवीत जपून ठेवणारे लोक यात आहेत. शहराच्या दिवाबत्तीला, गटारींना, रस्त्यांना पैसा लागतो आणि तो घरपट्टीतूनच यायला हवा, हे आम्हाला मान्य आहे. मान्य नाही ती एकच गोष्ट. शेजारचा प्लॉट महाग विकला गेला म्हणून ज्याला घर विकायचंच नाही, त्याच्या घरपट्टीचा आकडा एका नोटिशीत दुप्पट होतो.

किमती का वाढल्या, ते सगळ्यांना दिसतं आहे. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर महामार्ग चौपदरी झाला, त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं बिनशेती होऊन वसाहती उठल्या. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटरचा हा मार्ग धुळे, शिरपूरवरून जाणार म्हटल्यावर तिकडच्या जागांचे भाव नुसत्या बातमीवर चढले. १ एप्रिल २०२५ पासून रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले जागा-घरांच्या किमतींचे, दर सुधारले गेले, तेव्हा नगरपरिषद क्षेत्रांत सरासरी ४.९७ टक्के आणि मुंबई वगळता महापालिका क्षेत्रांत सरासरी ५.९५ टक्के वाढ झाली. जागेचा धंदा करणाऱ्याला ही कमाई आहे. पण अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये किंवा जळगावच्या खानदेश मिलमध्ये आयुष्य घालवून, फंडाच्या पैशांत दोन-तीन खोल्या बांधलेल्या माणसाला यातून एक रुपयाही मिळत नाही. ईपीएस-९५ या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर आहे. त्या पेन्शनरचं घर कागदावर तीस-चाळीस लाखांचं झालं, तरी त्याच्या हातात महिन्याला येतात ते तेवढेच.

आता आकारणी कशी होते ते मांडतो. अनेक घरमालकांना ती कधी समजावून सांगितलेलीच नाही आणि आमच्या सगळ्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या अनुसूची 'ड', प्रकरण ८, नियम ७ प्रमाणे, घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी किती भाडं येईल ते धरायचं आणि त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. उरतं ते करयोग्य मूल्य. नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमातही कलम ११४ मध्ये हीच रीत आहे. या करयोग्य मूल्यावर सामान्य कर, स्वच्छता, अग्निशमन, वृक्ष, रस्ता, पाणीलाभ असे वेगवेगळे टक्के लागतात आणि वर राज्य शासनाचा शिक्षण कर. घर तेच, टक्के तेच राहिले, तरी सुरुवातीचा भाड्याचा दर बदलला की सगळेच आकडे वर सरकतात.

उदाहरणादाखल एक हिशेब पाहा. ६० चौरस मीटरचं, म्हणजे साधारण ६४६ चौरस फुटांचं आरसीसी घर. जुना दर महिना १२ रुपये चौरस मीटर, सगळे कर मिळून ३० टक्के धरू. वार्षिक भाडं ८,६४०. दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य ७,७७६. घरपट्टी २,३३३ रुपये. फेरआकारणीत दर २६ रुपये झाला, तर वार्षिक भाडं १८,७२०, करयोग्य मूल्य १६,८४८ आणि घरपट्टी ५,०५४. एका वर्षात २,७२१ रुपयांची वाढ. घरात एक वीटही वाढलेली नाही आणि सभागृहात कराचे टक्के वाढवण्याचा ठरावही झालेला नाही. म्हणूनच 'आम्ही कर वाढवलेला नाही, फक्त मूल्यांकन केलं' हे उत्तर आम्ही स्वीकारत नाही. मूल्यांकनातून आलेली वाढही वाढच आहे आणि तिची जबाबदारी दर ठरवणाऱ्यानेच घ्यायला हवी.

पहिली तक्रार या भाड्याच्या दराबद्दलच आहे. तो आला कुठून? कायदा वाजवी भाडं म्हणतो. वाजवी भाडं कळायचं तर त्या गल्लीत, त्या प्रकारच्या घराला प्रत्यक्ष काय भाडं मिळतं ते पाहावं लागतं. आपल्याकडच्या लहान शहरांत बहुतेक घरगुती भाडेकरार तोंडी असतात. नोंदणी होते ती बँकेच्या शाखेची, शोरूमची, कंपनीने अधिकाऱ्यासाठी घेतलेल्या फ्लॅटची. त्यातली बहुतेक महामार्गालगत किंवा मुख्य रस्त्यावर. अशा करारांवरून काढलेला दर जुन्या गावातल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराला किंवा मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांना लावला, तर तो जास्तच येणार. त्यातच झोनची, म्हणजे एकाच दराखाली धरलेल्या भागाची, चूक होते. दर्शनी रस्त्याला धरलेला दर त्याच गटातल्या आतल्या बोळालाही लागतो, जिथे चारचाकी वळत नाही. प्लॉटची किंमत ज्या वेगाने वाढली त्या वेगाने खानदेशात घरभाडी वाढलेली नाहीत, हे दहा भाडेकरूंना विचारलं तरी कळेल. जागेच्या भावावरून भाड्याचा अंदाज बांधायचा आणि त्याला भाडेमूल्य पद्धत म्हणायचं, हे नियम ७ ला धरून नाही.

दुसरी तक्रार मोजणीची. ही सगळ्यात जास्त घरांना लागू पडते, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वेक्षणाला येणारी माणसं बहुधा ठेकेदाराची असतात आणि त्यांना घरामागे पैसे मिळतात. त्यामुळे जितकी घरं जास्त, तितका फायदा. घरमालक कामावर गेलेला असतो, दारात म्हातारी आई किंवा शाळकरी मुलगा. बाहेरून टेप किंवा लेझर लावून लांबी-रुंदी घेतली जाते आणि आतल्या गोष्टी अंदाजाने भरल्या जातात. मग पुढच्या चुका होतात.

ओटा, तीन बाजूंनी उघडा पोर्च, उघडा जिना हे खोलीच्या दराने धरले जातात. वरच्याच हिशेबात ३ बाय ४ मीटरचा पोर्च म्हणजे १२ चौरस मीटर. २६ रुपये दराने त्याची घरपट्टी वर्षाला १,०११ रुपये होते. पुढच्या फेरआकारणीपर्यंतच्या चार वर्षांत ४,००० रुपयांच्या वर, तेही गाडी उभी करायच्या जागेसाठी.

पत्र्याचं छत असलेली मागची खोली आरसीसीमध्ये जाते. माती-विटांच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा दिसला की घर पक्कं ठरतं. जुन्या वाड्यांत आणि धाब्याच्या घरांत हे सर्रास होतं, कारण दर्शनी भिंत नवी आणि आतलं माळवद जुनं असतं. बांधकामाचं वर्ष माहीत नसेल तर सर्वेक्षणाचंच वर्ष लिहिलं जातं, मग वयोमानाचा जो कमी दर त्या घराला मिळायला हवा तो जातो. १९८५ सालच्या घराला नव्या घराचा दर लागण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

वापराची चूक सगळ्यात महागात पडते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आहे, पापड-कुरडया लाटून विकतात, संध्याकाळी चार मुलांची शिकवणी चालते, एवढ्यावरून आख्खा तळमजला 'व्यावसायिक' होतो. बिगरनिवासी दर निवासी दराच्या कितीतरी पट, शिवाय बिगरनिवासी मालमत्तेवर रोजगार हमी कर वेगळा. दुकानाचा गाळा असेल तर गाळ्याचंच क्षेत्र वेगळं मोजायला हवं. तसंच भाडेकरूचं. भाडेकरू होता तेव्हा 'भाड्याने' अशी नोंद चढली, तो जाऊन पाच वर्षं झाली, तरी ती आपोआप उतरत नाही. भावांची वाटणी झालेल्या घरांत सामाईक जिना आणि चौक दोन्ही भावांच्या नावे पूर्ण धरलेले आढळतात.

तिसरी तक्रार नोटिशीची. फेरआकारणीची नोटीस येते त्यात मालमत्ता क्रमांक, जुनं करयोग्य मूल्य, नवं करयोग्य मूल्य आणि हरकतीची मुदत असते. मोजमाप नसतं, बांधकामाचा प्रकार नसतो, धरलेला दर नसतो, झोन नसतो. मग हरकत कशावर घ्यायची? माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर उत्तराला कायद्याने ३० दिवस आहेत. नोटिशीवरची मुदत पंधरा, एकवीस किंवा फार तर तीस दिवसांची. म्हणजे मोजणीचा कागद हातात येईपर्यंत हरकतीचा दिवस निघून गेलेला. महापालिका हद्दीत पुढचं अपील कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे, त्याला आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि मागितलेली रक्कम आधी भरावी लागते. नगरपरिषदेत कलम १६९ खाली अपील आहे. ज्याची पहिली हरकतच हुकली, त्याच्यासाठी हे दोन्ही रस्ते व्यवहारात बंद होतात.

म्हणून हे पत्र वाचणाऱ्या घरमालकांनाही सांगतो. नोटीस मिळाल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा. मुदतीच्या आत एक साधा हरकत अर्ज द्या, तपशील नंतर देईन असं त्यात लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. त्याच अर्जात सर्वेक्षणाचा नमुना आणि मूल्यनिर्धारण तक्ता मागा. घर स्वतः मोजा. प्रत्येक मजला वेगळा, उघड्या जागा वेगळ्या. फुटांतलं क्षेत्र १०.७६४ ने भागलं की चौरस मीटर मिळतात. बांधकामाच्या वर्षासाठी बांधकाम परवानगी, विजेच्या पहिल्या जोडणीचा कागद किंवा सापडेल तितकी जुनी घरपट्टी पावती जोडा. वापरासाठी आतले फोटो. आणि त्याच गल्लीतल्या, त्याच प्रकारच्या दोन-तीन घरांचं करयोग्य मूल्य लिहा. सुनावणीत सगळ्यात जास्त उपयोग या तुलनेचा होतो, कारण शेजारच्या सारख्याच घराला वेगळा दर का, याचं उत्तर अधिकाऱ्याला द्यावंच लागतं.

चौथी तक्रार न मिळणाऱ्या सेवांच्या करांची. महापालिका अधिनियमाची कलमं १३० आणि १३१ पाणी आणि मलनिस्सारणाचे कर कुठे लावायचे याच्या अटी सांगतात. खासगी जोडणी दिलेली असावी किंवा त्या भागात सेवा उपलब्ध झाल्याची जाहीर सूचना निघालेली असावी. हद्दवाढीत आलेल्या गावांत आणि नव्या वसाहतींत जलवाहिनी पोचलेली नाही, लोक बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरतात आणि बिलात पाण्याच्या नावाचा कर असतो. जिथे वाहिनी आहे तिथेही आठ-आठ दिवसांआड पाणी. करयोग्य मूल्य दुप्पट झालं की न मिळणाऱ्या सेवेचा करही दुप्पट होतो, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

पाचवी, शास्तीची. थकबाकीवर महिन्याला २ टक्के म्हणजे वर्षाला २४ टक्के. हरकत प्रलंबित असताना वाढीव रकमेवरही ती चढत राहते. सुनावणी वर्षभर लांबली यात घरमालकाचा दोष नाही, पण भुर्दंड त्याला.

शासनाची बाजूही आम्हाला माहीत आहे. पंधराव्या वित्त आयोगाने शहरी अनुदानासाठी अट घातली होती की मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीने वाढावी. पण ती अट एकूण वसुलीची आहे. प्रत्येक राहत्या घराचं बिल वाढलं पाहिजे असं त्यात कुठेही नाही. नोंदच नसलेली बांधकामं, घर म्हणून नोंदलेली मंगल कार्यालयं आणि गोदामं, वर्षानुवर्षं थकलेल्या मोठ्या मालमत्ता इथून वसुली वाढते. ते काम कष्टाचं आहे आणि त्यात दबाव येतो. नियमित भरणाऱ्याचा दर वाढवणं सोपं आहे, म्हणून ते आधी होतं.

राहत्या घराला दिलासा देता येत नाही असंही नाही. हे याच राज्यात झालेलं आहे. मुंबईत ४६.४५ चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. भांडवली मूल्य पद्धत, म्हणजे भाड्याऐवजी घराच्या किमतीवर कर, आणताना मुंबईच्या कायद्यात निवासी मालमत्तेचा कर आधीच्या दुपटीपलीकडे जाऊ नये अशी अट घातली आणि नंतरच्या फेरआकारणीतली वाढ ४० टक्क्यांवर रोखली. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत आहे. ती मध्ये बंद झाली होती, २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा सुरू केली. वरच्या उदाहरणातल्या घराला ती मिळाली तर ५,०५४ ऐवजी सुमारे ३,०३३ रुपये येतील. मुंबई-पुण्याचा घरमालक आपल्या जळगाव-धुळ्याच्या घरमालकापेक्षा गरीब आहे असं कुणी म्हणणार नाही. मग सवलत तिकडेच का?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९७८ पासून घराचं करासाठीचं मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, घर विकलं गेलं किंवा नवं बांधकाम झालं की मगच नव्या किमतीने आकारणी होते. त्याचा दोषही आम्हाला माहीत आहे. शेजारशेजारच्या सारख्या घरांना कितीतरी वेगळा कर लागतो आणि नव्याने घर घेणाऱ्या तरुण कुटुंबावर भार पडतो. म्हणून ती पद्धत जशीच्या तशी उचला असं आम्ही म्हणत नाही. पण राहणाऱ्याला सावरायला वेळ द्यायचा, हे त्यातलं तत्त्व आम्हाला हवं आहे.

आमच्या मागण्या अशा.

फेरआकारणीतली वाढ एकदम न लावता चार वर्षांत समान हप्त्यांनी लावावी. पुढची ४० टक्क्यांची मर्यादा न धरता उदाहरणातल्या घराला पहिल्या वर्षी ३,०१३, मग ३,६९३, मग ४,३७४ आणि चौथ्या वर्षी ५,०५४. स्वतः राहत असलेल्या एका निवासी घराची एकूण वाढ कुठल्याही फेरआकारणीत ४० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, ही मुंबईची मर्यादा राज्यातल्या सगळ्या महापालिका आणि नगरपरिषदांना लागू करावी. त्यासाठी अधिनियमात दुरुस्ती लागेल, ती नगरविकास विभागाने मांडावी.

मालक स्वतः राहत असलेल्या घराला पुण्याप्रमाणे ४० टक्के सवलत द्यावी आणि तिच्यासाठी दरवर्षी हेलपाटे घालायला लावू नयेत. एकदा स्वयंघोषणापत्र, सोबत वीजबिल आणि आधारची प्रत पुरे.

साठीपुढच्या, एकच घर असलेल्या मालकांना आणि विधवांना वाढीव रक्कम पुढे ढकलण्याची मुभा द्यावी. जुन्या दराची घरपट्टी ते भरत राहतील. वरची रक्कम शास्ती न लावता घराच्या खात्यावर जमा राहील आणि घर विकताना किंवा वारस नोंदीच्या वेळी वसूल होईल. महापालिका अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे मालमत्ता कराचा बोजा त्या मालमत्तेवर आहेच, म्हणून महापालिकेचा रुपयाही बुडत नाही. किंमत वाढल्याचा पैसा ज्या दिवशी खरोखर हातात येईल, त्या दिवशी कर घ्या. ही मागणी आम्हाला सगळ्यात जवळची आहे, कारण राहतं घर विकावं लागण्याची वेळ तिने टळते.

नोटिशीसोबतच मोजमापाचा आणि मूल्यनिर्धारणाचा कागद द्यावा. झोनचा नकाशा, प्रत्येक झोनचा दर आणि तो काढताना वापरलेली भाड्यांची उदाहरणं, नावं झाकून, कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावावीत. हा कागद मिळाल्यापासून ३० दिवस हरकतीला मिळावेत. हरकत प्रलंबित असेल तोवर जुन्या दराने कर घ्यावा आणि फरकावर शास्ती लावू नये.

वॉर्डनिहाय पाच टक्के घरांची फेरमोजणी ठेकेदाराव्यतिरिक्त दुसऱ्या पथकाकडून करावी. त्यात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त चुका निघाल्या तर त्या वॉर्डाची सगळी मोजणी रद्द करावी आणि ठेकेदाराचं देयक थांबवावं. जिथे पाणी आणि गटार पोचलेली नाही, तिथले ते कर बिलातून वगळावेत. शेवटची मागणी, नोंद नसलेल्या मालमत्ता आणि मोठ्या थकबाकीदारांकडून किती वसुली झाली ते दर तिमाहीला जाहीर करावं. नावं नकोत, वॉर्डवार आकडे द्या.

महापालिकांना पुढच्या वर्षाचे कराचे दर कलम ९९ प्रमाणे २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. त्याआधी या मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती अमान्य आणि अमान्य असेल तर कुठल्या कलमाखाली, याचं लेखी उत्तर आम्हाला हवं आहे. हप्त्यांनी वाढ, नोटिशीसोबत मोजणीचा कागद आणि फेरमोजणी या तीन गोष्टी निदान प्रस्ताव म्हणून आयुक्त आणि मुख्याधिकारी येत्या महिन्यातच मांडू शकतात. चर्चेला बोलावल्यास मोजमापं, पावत्या आणि हिशेबाचे कागद घेऊन आम्ही येऊ.

आपले,
खानदेशातले काही करदाते घरमालक